आधी ओळख, मग घर: जमिनीवरच्या दुर्मीळ शंखखेकड्यांची पारख आणि निगा

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचे लांबच लांब रस्ते आहेत, त्यांना इथे बोर्डवॉक म्हणतात. उन्हाळ्यात तिथल्या दुकानांबाहेर तारेचे पिंजरे टांगलेले असतात आणि आत भडक रंगवलेल्या शंखांत बसलेले खेकडे असतात. अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टामुळे मी त्यातले दोन घरी आणले. त्याच महिन्यात माझी आई मालवणहून आली होती. तिने पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गो, ह्येका खारा पाणी नको काय?" दुकानातून मिळालेल्या माहितीपत्रकात खाऱ्या पाण्याचा उल्लेखही नव्हता. त्यात लिहिलं होतं, ओला स्पंज ठेवा आणि खाण्याच्या गोळ्या घाला. आईचं बरोबर होतं, कागदाचं चूक होतं, आणि हे कळेपर्यंत त्यातला एक खेकडा गेला होता.

तेव्हापासून माझ्या घरात हे प्राणी आहेत. आज पाच आहेत, तीन वेगवेगळ्या जातींचे. त्यातला एकही मी आता दुकानातून आणलेला नाही. हा लेख मी अशांसाठी लिहिते आहे ज्यांच्या हाती नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा शंखखेकडा आला आहे, किंवा 'दुर्मीळ जात' अशी जाहिरात वाचून ज्यांचं मन तिकडे ओढ घेत आहे.

दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ?

जमिनीवर राहणाऱ्या शंखखेकड्यांचं कूळ सीनोबिटा. त्याच्या दीड डझनाच्या आसपास जाती माहीत आहेत. अमेरिकेत बहुतेक घरांत दिसतो तो सीनोबिटा क्लिपिएटस, कॅरिबियन बेटांवरचा, जांभळ्या नांगीचा. त्याच्या मागोमाग कॉम्प्रेसस, जो अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरचा. हे दोन सोडून बाकी सगळे इथे 'दुर्मीळ' या नावाखाली चढ्या भावाने विकले जातात.

पण त्यातला रुगोसस हा हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर सर्वत्र आहे. अंदमानच्या वाळूवर संध्याकाळी तो पायाखाली येईल इतका असतो. तिथे उलट क्लिपिएटस कुणी पाहिलेलाही नसेल. म्हणजे दुकानात जे दुर्मीळ ते किनाऱ्यावर दुर्मीळ असतंच असं नाही, आणि किंमत जास्त म्हणून प्राणी काटक असंही नाही. बरेचदा उलटच असतं. लांबून आलेला खेकडा जास्त दिवस खोक्यात, कोरड्या हवेत, उपाशी काढून आलेला असतो.

मग जात ओळखायची कशासाठी? संग्रहात भर घालण्यासाठी नाही. शंखाचं तोंड कसं हवं, पाणी किती खारं हवं, आहारात काय वाढवायचं, हे जातीनुसार बदलतं म्हणून.

घ्यायच्या आधी

या खेकड्यांची मादी अंडी पोटाखाली सांभाळते आणि समुद्राच्या काठाशी येऊन पाण्यात सोडते. त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्लं समुद्रात तरंगत अनेक अवस्थांतून जातात, मग इवलासा शंख शोधून जमिनीवर चढतात. घरच्या टाकीत हे सगळं घडवून आणणं फार अवघड आहे. अलीकडे काही जिद्दी पाळणाऱ्यांनी ते साधलंही आहे, पण बाजारात जे येतात ते जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून उचललेले असतात. ही गोष्ट मनात पक्की ठेवून पुढचा निर्णय घ्यावा.

कायदाही पाहायला हवा. जपानमध्ये जमिनीवरचे शंखखेकडे १९७० पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. निळसर जांभळा पर्प्युरियस तिथल्या र्‍युक्यू आणि ओगासावारा बेटांवरचा, म्हणून तो कुठे विकायला दिसला तर कागदपत्रं मागावीत. ऑस्ट्रेलियात तिथलाच व्हेरिएबिलिस पाळतात, परदेशी जाती आणायला बंदी आहे. भारतात याच घराण्यातला थोरला भाऊ, नारळ फोडणारा बिर्गस लॅट्रो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो चार किलोपर्यंत वाढतो आणि मोठेपणी शंख वापरतच नाही. त्याचं पिल्लू मात्र शंखात राहतं आणि शंखखेकड्यासारखंच दिसतं. अंदमान-निकोबार किंवा लक्षद्वीपहून येताना शंखातला कुठलाही जीव सोबत आणू नये, रिकामे शंख आणि प्रवाळही नाही.

कोकणात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. मालवण, देवगड, हर्णैच्या खडकांतल्या डबक्यांत मुलांना जे शंखातले खेकडे सापडतात ते बहुतेक क्लिबॅनेरियस किंवा डायोजेनिस कुळातले, म्हणजे समुद्री असतात. घरी आणून बादलीत किंवा वाळूत ठेवले की दोन-चार दिवसांत मरतात. पाहावेत, फोटो काढावेत आणि जिथून उचलले तिथेच ठेवावेत.

पाळायचेच असतील तर माझं ठाम मत आहे की दत्तक घ्यावेत. कॉलेज संपवून गाव सोडणारी मुलं, हौस विरलेली घरं, शाळेतल्या वर्गातली टाकी, अशा कितीतरी ठिकाणी खेकडे घराच्या शोधात असतात. माझ्याकडचा सगळ्यात वेगळा खेकडा अशाच एका खोक्यातून आला. त्याच्यावर चिठ्ठी होती 'इंडो', म्हणजे ब्रेव्हिमॅनस जातीचा. तो ब्रेव्हिमॅनस नव्हता. पण ते कळायला मला चार महिने लागले, आणि तेवढे दिवस तो नको असलेल्या गोल तोंडाच्या शंखांच्या ढिगात बसून होता.

ओळख पटवायची कशी

घाई करू नये. प्रवासातून आलेला खेकडा शंखात आत ओढून घेतलेला असतो. त्याला बाहेर ओढायचा प्रयत्न कधीच करायचा नाही, तो शंख सोडण्याआधी तुटेल. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात बोटाच्या एका पेराइतकं कोमट खारं पाणी घ्यायचं, खेकडा त्यात ठेवायचा, दिवा एका बाजूने लावायचा आणि बाजूला होऊन फोनवर व्हिडिओ चालू करून ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत तो बाहेर येतो. समोरून, डाव्या बाजूने आणि डब्याच्या तळातून असे तीन कोन मिळाले की पुरे.

सगळ्यात आधी तो जमिनीवरचाच आहे ना, हे पाहा. सीनोबिटाची डावी नांगी उजवीपेक्षा नेहमी मोठी असते, शंखात शिरल्यावर ती दारासारखी तोंडावर बसते. डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या असतात. एक लांब चाबकासारखी. दुसरी आखूड, कोपरात वाकलेली, टोकाला बोथट. ही आखूड जोडी तो सतत वर-खाली हलवत असतो, कारण हवेतला वास तो तिनेच घेतो. क्लिबॅनेरियसच्या दोन्ही नांग्या साधारण सारख्या असतात, तेवढ्यावरूनही फरक कळतो.

मग डोळे. ही माझी आवडती खूण, कारण ती रंगाने फसवत नाही. क्लिपिएटस आणि ब्रेव्हिमॅनसच्या डोळ्याचा देठ बऱ्यापैकी गोल आणि वरचा डोळा गोल ठिपक्यासारखा असतो. कॉम्प्रेसस, रुगोसस, परलेटस, कॅव्हिपेस यांचे देठ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असतात आणि डोळा लांबट दिसतो. एवढ्या एका निरीक्षणावर निम्मी यादी गळते.

तिसरी पायरी म्हणजे डाव्या नांगीची बाहेरची बाजू. भिंग घ्या. वरच्या भागात एकाशेजारी एक अशा तिरक्या, उंचावलेल्या रेघा दिसतात का? गोधडीवरच्या टाक्यांसारख्या दिसतात त्या. रुगोससवर त्या ठळक असतात. व्हायोलॅसेन्सवर असतात. कॅव्हिपेस आणि ब्रेव्हिमॅनसवर नसतात. मोठा जांभळट खेकडा समोर आला की कॅव्हिपेस की व्हायोलॅसेन्स हा वाद नेहमी होतो, तो या टाक्यांवर मिटतो.

रंग शेवटी पाहायचा. नवशिके सगळ्यात आधी रंग पाहतात आणि फसतात. कात टाकल्यावर रंग बदलतो, आहाराने बदलतो, वयाने तर पूर्ण बदलतो. मोठा परलेटस लालबुंद, पण त्याचं पिल्लू फिकट मातकट असतं. मोठा ब्रेव्हिमॅनस गडद जांभळा, पिल्लू कितीतरी फिकं. पर्प्युरियसचं पिल्लू मलईसारखं पांढरट. आणि रुगोसस एकाच किनाऱ्यावर राखाडी, हिरवट, गुलाबी, तपकिरी, पांढरा अशा हव्या त्या रंगात सापडतो.

लॅटिन नावांचा अर्थ कळला की खुणा लक्षात राहतात. ब्रेव्हिमॅनस म्हणजे आखूड हाताचा. मोठी नांगी फुगीर, गुळगुळीत, अंगाच्याच रंगाची. क्लिपिएटसची नांगी अंगापेक्षा वेगळी, जांभळी उठून दिसते. हे दोघे इतके जवळचे दिसतात की १८५२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ डेना यांनी ब्रेव्हिमॅनसला क्लिपिएटसचाच एक प्रकार म्हणून नोंदवलं होतं, म्हणून तुमचा गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नका. परलेटस म्हणजे मोत्यांचा. त्याच्या लाल पायांवर पांढरे बारीक दाणे मोती टाचल्यासारखे दिसतात. रुगोसस म्हणजे सुरकुतलेला, त्या टाक्यांमुळे. कॅव्हिपेस म्हणजे खोलगट पायाचा. इथे डाव्या बाजूचा चालायचा दुसरा पाय पाहावा लागतो, त्याचं शेवटून दुसरं पेर बाहेरून सपाट असतं.

आणि कॅव्हिपेसपाशी थांबावंच लागेल. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातले जे खेकडे अनेक वर्षं कॅव्हिपेस समजले जात होते, त्यातले काही वेगळ्याच जातीचे निघाले. २०१६ मध्ये त्यांना नवं नाव मिळालं, सीनोबिटा लीला. जांभळट छटेमुळे दिलेलं नाव आहे, पण मला ते वाचताना माहेरची कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्याचा व्यवहारी अर्थ असा की आग्नेय आशियातून आलेल्या खेकड्यावर 'कॅव्हिपेस' अशी चिठ्ठी असेल तर ती पेन्सिलीनेच लिहिलेली बरी. माझा तो 'इंडो'? चपटे देठ, टाके नाहीत, सपाट पेर. म्हणजे कॅव्हिपेस किंवा लीला. मी वहीत दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.

नर की मादी हेही याच व्हिडिओत कळू शकतं. चालायच्या पायांच्या दुसऱ्या जोडीच्या मुळाशी दोन ठिपक्यांसारखी छिद्रं दिसली तर मादी. निगेत फरक पडत नाही, म्हणून त्यासाठी त्याला छळू नका.

घर बांधणं

तारेचा पिंजरा कुठल्याच जातीला चालत नाही. हे खेकडे हवेत श्वास घेत असले तरी कल्ल्यांनीच घेतात, आणि कल्ले ओलसर राहिले तरच काम करतात. कोरड्या हवेत तो लगेच मरत नाही, आठवडे-महिने गुदमरत जातो. म्हणूनच दुकानातून आणलेले खेकडे 'काही झालं नसताना' मरतात.

काचेची माशांची टाकी घ्या आणि वर काचेचंच झाकण. चार-पाच मध्यम खेकड्यांना तीन फूट लांब, दीड फूट रुंद टाकी बरी पडते. जुनी, किंचित गळकी टाकी स्वस्तात मिळते आणि इथे चालते, फक्त सिलिकॉनने सांधे बुजवा.

तळाचा थर हा घराचा मुख्य भाग आहे. पाच भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग कोकोपीट, आणि भिजवायला खारं पाणी. मुठीत दाबली की वाळूच्या किल्ल्यासारखी आकार धरेल, पण पाणी निथळणार नाही, इतकीच ओल. खोली किमान सहा इंच, आणि सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते. ब्रेव्हिमॅनस या कुळातला मोठा गडी, त्याला मी फूटभर तरी देईन. कोकोपीट बागेच्या दुकानातलं घेताना त्यात खत मिसळलेलं नाही हे पाहून घ्या. रंगीत खडे, पाइन किंवा देवदाराचा भुसा नको.

हवेतला ओलावा ७५ ते ८५ टक्के. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस. दोन्ही मोजायला डिजिटल यंत्र हवं, काट्याची घड्याळासारखी यंत्रं मनाला येईल ते दाखवतात. नवं यंत्र तपासायची घरगुती रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दाखवायला हवा. माझं पहिलं यंत्र ८४ दाखवत होतं, म्हणजे नऊने चढं. ते पाहून मी निश्चिंत होते आणि आत हवा कोरडी होती.

न्यू जर्सीच्या जानेवारीत गरमाई लागतेच. गरम होणारी पट्टी टाकीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा आणि थर्मोस्टॅटला जोडा. तळाखाली लावू नका. खेकडा उकाड्यापासून सुटायला खाली खणतो, आणि खालीच तापलेलं असेल तर तो भाजतो. पुण्या-मुंबईत थंडीतही बहुधा पट्टी लागणार नाही. तिथे उलट एप्रिल-मे सांभाळावा लागतो, टाकी उन्हापासून दूर ठेवून.

पाण्याची दोन भांडी, एक गोडं आणि एक खारं, दोन्ही इतकी खोल की खेकडा शंखासकट बुडू शकेल. बाहेर यायला दगड किंवा जाळीचा उतार हवाच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर उघडं ठेवल्याने उडतो, पण बऱ्याच शहरांत क्लोरामाइन घालतात आणि ते उडत नाही. म्हणून माशांसाठी मिळणारं पाणी शुद्ध करायचं औषध वापरा. खाऱ्या पाण्यासाठी समुद्री मत्स्यटाकीचं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात खारटपणा आहे, समुद्र नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार त्यात नसतात, आणि खेकड्याला तेच हवे असतात. तो हे पाणी शंखात भरून घेतो आणि गोडं-खारं स्वतःच मिसळून आपल्याला हवं तेवढं ठेवतो.

शंख

रंगवलेले शंख फेकून द्या. रंग सुटतो, खेकडा तो खातो. पण अंगावरचा रंगीत शंख जबरदस्तीने काढायचा नाही. चांगले पर्याय समोर ठेवले की तो स्वतःच बदलतो, कधी त्याच रात्री, कधी दोन वर्षांनी.

जात कळल्याचा सगळ्यात मोठा उपयोग इथे होतो. क्लिपिएटस आणि ब्रेव्हिमॅनसला गोल तोंडाचे टर्बो शंख आवडतात. ब्रेव्हिमॅनसचं पोट तुलनेने आखूड, म्हणून रुंद तोंडाचा, बसका शंख त्याला भावतो. कॉम्प्रेससला लंबगोल किंवा अर्धचंद्री तोंड लागतं, नेराइटसारखं. रुगोसस आणि परलेटसपुढे दोन्ही प्रकार ठेवून पाहावेत. दर खेकड्यामागे तीन ते पाच शंख असू द्या, सध्याच्या मापाचे आणि थोडे मोठे. तोंडाची रुंदी मोठ्या नांगीच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त, हा साधा हिशोब. खेकड्यांमधली बहुतेक भांडणं शंखांच्या टंचाईतून होतात.

नवा शंख उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गार करा, आतलं पाणी झटका. भारतात एक मोह होईल. शेतात पडलेले आफ्रिकन शंखी गोगलगायीचे रिकामे शंख मोठे आणि फुकट असतात. पण जिथे गोगलगायी मारायला विषारी गोळ्या टाकतात, तिथला एकही शंख घरात आणू नका.

जेवण

या बाबतीत कोकणातलं स्वयंपाकघर दुकानातल्या गोळ्यांपेक्षा कितीतरी पुढे आहे. तयार खाण्यात कधी कॉपर सल्फेट असतं, कधी टिकवायची रसायनं. डब्यावरचं वाचूनच घ्या, किंवा घेऊच नका.

निसर्गात हा खेकडा पडलेली फळं, कुजकी पानं, लाकूड, मेलेले मासे, शेवाळ, जे मिळेल ते खातो. मी रोज संध्याकाळी एक सागरी आणि एक झाडाचं अशी जोडी ठेवते. सागरीत बिनमिठाचा जवळा किंवा सुकट, कवचासकट. कवचातलं कायटिन त्याला स्वतःचं कवच बांधायला लागतं. सुकट आणून पहिल्यांदा ठेवली त्या रात्री सगळे खेकडे एकदम बाहेर आले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मिठातलं खारवलेलं मासळीचं सुकं मात्र नको. झाडाचं म्हणजे ओलं खोबरं, पपई, आंब्याची साल, लाल भोपळा, गाजर, पालेभाजीचे देठ. आंबा-पपईची सालं नीट धुवा, शक्य तर फवारणी नसलेली घ्या. अंड्याचं कवच उकडून, वाळवून, जाडसर कुटून एका शिंपल्यात कायम ठेवा. वाळलेली ओकची पानं आणि त्याच झाडाच्या सालीचा तुकडाही टाकीत असू द्या, ते कुरतडतात.

फोडणी, तिखट, मसाला लागलेलं काही नको. भांडी तांब्या-पितळेची नकोत, तांबं या प्राण्यांना विष आहे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका.

परलेटस असेल तर लाल-केशरी रंगद्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड, सातत्याने मिळायला हवीत. कोळंबीची कवचं, गाजर, भोपळा, घरच्या कुंडीतल्या झेंडूच्या पाकळ्या. ती कमी पडली की प्रत्येक काती नंतर तो फिका होत जातो, पार पांढरट केशरी.

परलेटसबद्दल थोडं जास्त

सहा वर्षांपूर्वी, पुरेसं शिकले आहे असं वाटून, मी इंटरनेटवरून दोन परलेटस मागवले. ते लाल रंगाने मोह घालतातच. सात महिन्यांत दोन्ही गेले. मी बाकीच्यांसारखंच त्यांना ठेवलं होतं, खाऱ्या पाण्याचं एक उथळ भांडं आणि अधूनमधून गाजर. हे खेकडे समुद्राच्या अगदी काठावरचे असतात, त्यांना खारं पाणी भरपूर, खोल आणि रोज स्वच्छ लागतं. प्रवासाचा ताणही त्यांना फार सोसत नाही. मी ते वाचलं होतं, पण माझ्या टाकीत निभावेल असं समजले.

त्यांच्या मूळ बेटांवरही त्यांचं बरं चाललेलं नाही. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या-डब्यांत शिरून अडकलेले पाच लाखांहून अधिक शंखखेकडे मेल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. एक मेला की त्याच्या वासाने, शंख रिकामा झाला असं समजून, दुसरे धावतात आणि तेही अडकतात. म्हणून आता मी सांगते, परलेटस विकत घेऊच नका. कुणी सोडून दिलेला हाती आला, तरच जीव ओतून सांभाळा.

नवा खेकडा आणि जुने खेकडे

या जाती एकमेकांत साधारणपणे मिसळून राहतात. तरी नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा, तिथेही खोल वाळू, ओलावा, दोन्ही पाणी सगळं तसंच. अंगावर बारीक किडे फिरतात का, पाय गळतात का, ते पाहा. एखादा पाय गळणं म्हणजे शेवट नव्हे, पुढच्या कातींमध्ये तो पुन्हा फुटतो. पण एकामागून एक गळत असतील तर हवा, पाणी, तापमान तिन्ही पुन्हा मोजा. तो त्या छोट्या टाकीतच खाली खणून गेला तर तिथेच राहू द्या.

कात

पाळणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. खेकडा वाढतो तो जुनं कवच टाकून. आधी काही दिवस तो भरपूर खातो, पाण्यात जास्त बसतो, खणत राहतो, डोळे ढगाळल्यासारखे दिसतात. मग एक दिवस वाळूत नाहीसा होतो. छोटा असेल तर महिना-दीड महिना, मोठा असेल तर तीन-चार महिने किंवा त्याहूनही जास्त. तिथे अंधारात तो कवच उतरवतो, मऊ पडतो, आणि तेच कवच हळूहळू खाऊन नव्याला कठीण करतो.

या काळात खणायचं नाही. काय झालं असेल ही घालमेल मी चांगली ओळखते. दुसऱ्या वर्षी मी खणलं होतं. बोटाला लागला तो लोण्यासारखा मऊ खेकडा, आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. त्याला जिवंत असताना मीच मारलं, हे मी अजून विसरलेले नाही.

काय करायचं ते इतकंच. ओलावा आणि तापमान ढळू द्यायचं नाही. टाकी हलवायची नाही. वरून पाणी ओतायचं नाही, तळाला साचून सडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. कुणी वाळूच्या वरच कात टाकायला बसला, तर त्याला हात न लावता त्याच्यावर कापलेली बाटली उलटी रोवून बाकीच्यांपासून आडोसा करायचा. हवेला भोक ठेवायचं आणि कवच त्याच्याजवळच राहू द्यायचं.

मेला की कातीत आहे, हे कसं ओळखायचं? शंखाबाहेर पडलेलं जे दिसतं ते उचलून उजेडात धरा. पोकळ, हलकं, आरपार दिसणारं असेल तर ती कात. वजनदार आणि लिबलिबीत असेल तर देह. वाळूत गेलेल्याबद्दल नाक सांगतं. सडक्या मासळीचा वास एकदा आला की चुकत नाही. त्याआधीचा मातीचा, ओल्या पानांचा वास हा नेहमीचाच आहे, त्याने घाबरू नका. मेलेला असेल तर तेवढीच जागा खणून त्याला काढा, लगेच, नाहीतर बाकीचे त्याच्या शंखासाठी तिथे गर्दी करतात.

हे सगळं पेलायला एक वही लागते. माझ्या वहीत प्रत्येकाचं पान आहे. जात, आल्याची तारीख, शंख कुठला, खाली कधी गेला, वर कधी आला. नीट ठेवलेला क्लिपिएटस तीस वर्षांहूनही जास्त जगतो, म्हणून वही जाड घ्या, आणि तुमच्यानंतर ती कुणाकडे जाईल त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा. माझ्या वहीत तिथे लेकीचं नाव आहे. 'कॅव्हिपेस किंवा लीला' असं ज्याच्या पानावर लिहिलं आहे, तो २ ऑक्टोबरला खाली गेला आहे. त्याच्या कोपऱ्यातल्या काचेवर चिकटपट्टी लावून मी तारीख लिहिली आहे, म्हणजे साफसफाई करताना तिकडे कुणाचा हात जाणार नाही.